मुलगा अप्रेंटिस लागला तर बहिणीची शिष्यवृत्ती जाते का? (सोलापूर)

वर्षा_जुळेसोलापूर
नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या घराबद्दल विचारतेय, आणि उत्तर जरा लवकर हवं आहे.

घरात चौघं होती. भाऊजी एका खासगी कंपनीत ड्रायव्हर, वर्षाचा पगार तीन लाखांच्या आसपास. वहिनी युनिफॉर्मच्या कारखान्यातून काज-बटणाचं काम घरी आणतात, नगावर पैसे. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, इथेच सोलापुरात, घरून जाऊन-येऊन. मुलगा तिच्याहून मोठा, आयटीआय फिटर. प्रवर्ग अनुसूचित जाती. भाऊजींचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर होतं म्हणून पहिल्या वर्षी मुलीला शिष्यवृत्ती नाही, नुसती फ्रीशिप (फीमाफी) मिळाली.

आषाढात भाऊजी हार्ट अटॅकनं गेले. आता मुलाची चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून निवड झालीय. पण एका सेवा केंद्रात वहिनींना सांगितलं की पोराचा स्टायपेंड घरच्या उत्पन्नात धरतात, त्यामुळे मुलीचं सगळंच अडकेल. शिवाय भाऊजींच्या वेळचा उत्पन्नाचा दाखला अजून मुदतीत आहे, तो असताना नवीन निघत नाही, असंही सांगितलं. हे ऐकल्यापासून पोरगा म्हणतोय, मी अप्रेंटिस लागतच नाही, हॉटेलात रोखीवर काम करतो, म्हणजे कागदावर काही दिसणार नाही.

दहावीपासून फिटर व्हायचं म्हणणारा मुलगा आहे हो. जॉइन व्हायची तारीख पुढच्या आठवड्यात. कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

चादरवाला
अप्रेंटिस सोडायची नाही. बाकीचं नंतर बघू, आधी एवढं त्याला सांगा.

कुंभारीकर
केंद्रवाला अगदीच चुकीचं सांगत नसावा. आमच्या रे नगरात एका घरी असंच झालं. दाखल्याच्या चौकशीला विचारलं, रेशनकार्डावर किती नावं, त्यातले कमावते किती, कोण कुठं जातो. मोठ्या भावाचं लूमवरचं काम त्यात धरलं. कुटुंबाचं उत्पन्न म्हणजे सगळ्या घराचं, असंच सगळीकडे समजतात. एका चुलीवर जेवता ना? मग उत्पन्न एकच.

स्नेहा_अशोकचौक
कुंभारीकर दादा, एका चुलीवर जेवलं तरी प्रत्येक योजनेत मोजणी वेगळी असते. माझं नॉन-क्रिमीलेअर (ओबीसी सवलतीसाठी लागणारं प्रमाणपत्र) निघालं, आणि त्याच वर्षी उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा जास्त आला. घरात सगळे घाबरले, एक खोटा आहे की काय म्हणून. पण नॉन-क्रिमीलेअरच्या आठ लाखांत आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. शिष्यवृत्तीच्या दाखल्यात सगळंच मोजतात. दोन्ही कागद खरे होते.

ईडब्ल्यूएसचं, म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांचं, आणखी निराळं. तिथे उमेदवार स्वतः, आईवडील, अठराच्या आतली भावंडं, नवरा किंवा बायको आणि अठराच्या आतली मुलं, एवढेच कुटुंबात. वीस वर्षांचा कमावता भाऊ त्यात येत नाही. त्यामुळे वर्षाताई, आधी योजना कुठली ते धरा आणि मग कुणाचं उत्पन्न ते विचारा. केंद्रात बसलेला मुलगा दिवसभर वीस प्रकारचे फॉर्म भरतो, त्याच्या डोक्यात सगळ्यांची एकच खिचडी होते.

माढेकर
विषय निघालाच आहे तर बोलतो. ज्याचं रोखीत चालतं त्याचा दाखला साठ हजारांचा निघतो आणि ज्याचा पगार बँकेत येतो तो मारला जातो. आमच्या गावात द्राक्षबाग, दोन ट्रॅक्टर, पोरगा शिष्यवृत्तीवर. त्याच वर्गात शाळेतल्या शिपायाची मुलगी, तिला काही नाही, कारण बापाचा फॉर्म सोळा (मालकानं दिलेला पगाराचा कागद) आहे. आणि आता ताई सांगतायत तो मुलगा रोखीच्या कामाला निघालाय. बघा, नियम माणसाला कुठं ढकलतोय.

पानतंबाखू
माढेकर, बागवाल्याचं तुमचं बरोबर आहे. पण रोखीतले सगळेच लपवणारे नसतात. माझ्या आईनं पूर्वभागात तीस वर्षं बिड्या वळल्या. हजारी मजुरी, पानं कमी निघाली की कापून घ्यायचे, कारखाना कधी चार दिवस तर कधी तीन दिवस. वर्षाचं उत्पन्न किती म्हणून तलाठ्यानं विचारलं तर तिला खरोखरच सांगता यायचं नाही. ती लपवत नव्हती, तिला कधी वर्षाचा हिशोब करायची वेळच आली नव्हती.

या निमित्तानं सांगतो, बिडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची वेगळी मदत आहे. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायचा. अकरावी-बारावीला वर्षाला ३,००० रुपये, आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा पदवीला ६,०००, इंजिनिअरिंग-मेडिकलला २५,०००. तिथे घरच्यांचं महिन्याचं उत्पन्न बघतात, आणि आईकडे बिडी कामगाराचं कार्ड व किमान सहा महिन्यांचं काम लागतं. सोलापुरात एवढ्या बाया वळतात, पण कार्ड काढून ट्रंकेत ठेवलेलं असतं आणि पोरांचा अर्ज कुणी भरत नाही. कुंभारीकर, तुमच्या भागात घरोघर विचारा एकदा.

कुंभारीकर
विचारतो. आमच्या गल्लीतच दहा-बारा घरं निघतील.

बाळेकर
मी समाजकल्याणच्या कामात नोकरी करून निवृत्त झालोय. वर्षाताईंच्या प्रश्नात तीन गाठी आहेत, एकेक सोडवू.

पहिली, भावाचा स्टायपेंड. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट सांगितलेलं आहे. आई किंवा वडील यांपैकी एक जरी हयात असेल तरी उत्पन्न फक्त आईवडिलांचं धरायचं, सर्व मार्गांनी येणारं धरायचं, पण घरातल्या दुसऱ्या कुणाचं धरायचं नाही, तो कमावता असला तरी. लग्न झालेली, नोकरी न करणारी विद्यार्थिनी असेल तर आईवडिलांऐवजी नवऱ्याचं. दोन्ही पालक गेलेले असतील तरच, शिक्षणाचा खर्च करणाऱ्या पालनकर्त्याचं. भाऊ कुठेच नाही. म्हणून कुंभारीकरांनी सांगितलेल्या घरात भावाची मजुरी धरली गेली असेल तर ती या योजनेच्या नियमात बसत नाही, त्यांनी हरकत घ्यायला हवी होती.

दुसरी गाठ जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे कुणी बघितलं नाही. कमावत्या पालकाच्या मृत्यूमुळे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत आलं, तर तो विद्यार्थी त्या घटनेच्या महिन्यापासून पात्र धरायचा, असं त्याच सूचनांत आहे. अर्जाची शेवटची तारीख उलटून गेली असली तरी अशा मुलांचा अर्ज सहानुभूतीनं विचारात घेता येतो. म्हणजे ही मुलगी आषाढापासून फ्रीशिपची राहिलेली नाही. ती शिष्यवृत्तीला पात्र आहे, आणि हे मागणं तिचा हक्क आहे.

फरक किती पडतो? फी दोन्हीकडे भागते. पण फ्रीशिपमध्ये फक्त शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, हातात काही नाही. शिष्यवृत्तीत वर शैक्षणिक भत्ता. इंजिनिअरिंग पदवी पहिल्या गटात येते, घरून जाणाऱ्याला वर्षाला ७,००० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला १३,५००. आयटीआय, पॉलिटेक्निक आणि अकरावी-बारावी चौथ्या गटात, तिथे २,५०० आणि ४,०००. सात हजार म्हणजे पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान आणि वर्षाचा बसपास. वडील नसलेल्या घरात तेवढ्यावरून मुलीचं शिक्षण थांबलेलं मी टेबलापलीकडून बघितलंय.

तिसरी गाठ दाखल्याची. ती रात्री लिहितो, नातवाला क्लासला सोडायचंय.

वर्षा_जुळेसोलापूर
बाळेकर काका, तुमचं वाचून मी तशीच उठून शेजारी गेले. पोराला दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणतो, कागद असेल तर विश्वास ठेवतो. वहिनी मात्र अजून घाबरलेल्या आहेत.

चिंचोळीतला_एचआर
अप्रेंटिसची बाजू मी सांगतो, भरतीचं काम बघतो.

या योजनेत घरच्या उत्पन्नाची अटच नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्यात बाप कोण, त्याचं उत्पन्न किती, हे कुणी विचारत नाही. शिक्षण, ट्रेड, वय आणि तब्येत बघतात. विद्यावेतनाचं किमान ठरवून दिलेलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीत दहावी झालेल्याला ६,०००, आयटीआयवाल्याला ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० आले. प्रशिक्षण एका वर्षाहून जास्त असेल तर दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी १५. रेल्वे आणि सरकारी कंपन्यांच्या जाहिरातींत आयटीआयवाल्यांना ७,७०० किंवा ८,०५० दिसतात, ते आयटीआयची वर्षं धरून. हे किमान आहे, बरेच कारखाने वरचढ देतात.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५००, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यावर टाकतं. म्हणून पहिल्या महिन्यात कंपनीकडून कमी पैसे आले की पोरं भांडायला येतात. मुलाला आधीच सांगून ठेवा, आणि खातं आधारला जोडलेलं आहे ना ते बँकेत जाऊन बघायला लावा. दोन-तीन खाती असली तर पैसे भलत्याच खात्यावर जातात आणि महिनाभर शोधत बसावं लागतं.

आणखी एक. कायद्याप्रमाणे अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. पीएफ कापत नाहीत. पण यंत्रावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, तेही त्याच कायद्यात आहे. हॉटेलातल्या रोखीच्या कामात हात भाजला तर कोण विचारणार? वर्षानंतर परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात येतं, ते रेल्वेच्या कुर्डुवाडी वर्कशॉपपासून पुण्या-चाकणपर्यंत चालतं.

माढेकर
एचआर साहेब, कायदा ठीक आहे. पण अप्रेंटिसच्या नावाखाली पोरांकडून पूर्ण कामगाराचं काम करून घेतात आणि वर्ष संपलं की घरी, हेही लिहा. माझा भाचा एका ठिकाणी वर्षभर फक्त लोडिंग करत होता. फिटरचा पाना हातात धरला नाही.

चिंचोळीतला_एचआर
होतं तसं, नाकारत नाही. नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही, हेही खरं. म्हणून करार पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पहिल्याच आठवड्यात बघायचं. करारावर ट्रेड लिहिलेला असतो. फिटर लिहिलंय आणि लोडिंग करून घेतायत, तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे तक्रार करता येते, ते कार्यालय आयटीआयशी जोडलेलं असतं. करारच नसेल तर मग ती अप्रेंटिसशिप नव्हेच, स्वस्तातली मजुरी आहे.

शेंगाचटणी
एक भाबडा प्रश्न. वहिनींना लाडकी बहीण मिळत असेल तर मुलाच्या स्टायपेंडनं ती बंद होईल का? आमच्या गल्लीत हीच भीती जास्त आहे. पोरगं कामाला लागलं की आईचे दीड हजार जातात म्हणे.

स्नेहा_अशोकचौक
तिथे मोजणी पुन्हा बदलते, बघा. लाडकी बहीणमध्ये पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं असं कुटुंब धरलंय. म्हणजे हा भाऊ तिथे मोजला जातो. पण मर्यादा अडीच लाखांची आहे, आणि त्याचे सात हजारांच्या हिशोबानं वर्षाला ८४,००० होतात. कुटुंबात कुणी आयकर भरत असेल किंवा सरकारी खात्यात कायम नोकरीला असेल तर अडचण. खासगी कारखान्यातला अप्रेंटिस त्यात बसत नाही.

चादरवाला
स्नेहाताईंच्या हिशोबावरून सुचलं. वर्षाताई, वहिनींचं काज-बटणाचं महिन्याला किती होतं?

वर्षा_जुळेसोलापूर
शाळा सुरू व्हायच्या आधीच्या हंगामात आठ हजारांपर्यंत जातं, एरवी चार-पाच. सरासरी सहा धरा.

चादरवाला
मग मांडा. सहा हजारांनी वर्षाचे ७२,०००. भाऊजींच्या पीएफमागची विधवा पेन्शन महिन्याला समजा तीन हजार आली, त्याचे ३६,०००. झाले १,०८,०००. आता बाळेकर काकांचा नियम घटकाभर बाजूला ठेवू आणि केंद्रवाल्याचं खरं मानू, पोराचे ८४,००० त्यात घालू. १,९२,०००. अडीच लाखाला अजून ५८ हजार कमी! धरलं तरी पात्र, नाही धरलं तरी पात्र. वहिनींना हा हिशोब पाटीवर मांडून दाखवा. पोराला म्हणावं, तू बिनधास्त जा बे, बहिणीचं काही जात नाही.

पानतंबाखू
वा चादरवाले! दुकानावर बसून उधारीची वही लिहायचा सराव कामी आला. :)

कुंभारीकर
हिशोब पटला. पण माझं एक म्हणणं राहतंच. ही मर्यादा नवरा-बायको आणि एक मूल असलेल्या घराला अडीच लाख, आणि म्हातारे आईवडील, परत आलेली बहीण, चार पोरं असलेल्या घरालाही अडीच लाख. खाणारी तोंडं कुणी मोजत नाही. आमच्याकडे बाप लूमवर, आई बिडीवर, दोघांचं मिळून चांगल्या वर्षात अडीच ओलांडतं. त्यात बापाच्या आईचं डायलिसिस. कागदावर ते घर सुखी.

माढेकर
आणि अडीच लाख २०१३ पासून तिथेच आहे. तेव्हा ज्वारी काय भावानं होती आणि आता काय आहे? मजुरी वाढली म्हणून माणूस मर्यादेच्या बाहेर गेला, पण घरात शिल्लक काय वाढली नाही. एक रुपया वर गेला की भत्ता गेला, स्वाधार (बाहेर खोली घेऊन शिकणाऱ्यांची मदत) गेलं. पायऱ्या ठेवायला हव्या होत्या. अडीचला पूर्ण, तीनला थोडं कमी, साडेतीनला आणखी कमी. बाईनं ओव्हरटाइम नाकारावा असा नियम कशाला?

स्नेहा_अशोकचौक
पायऱ्यांबद्दल शंभर टक्के सहमत. आणि कुंभारीकर दादा, उलटं टोकही आहे. खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत मर्यादा आठ लाखांची, पण एका घरातल्या दोनच मुलांना लाभ. माझ्या मैत्रिणीकडे तीन बहिणी. दोघींची निम्मी फी माफ झाली, तिसरी सगळ्यांत हुशार, तिची पूर्ण भरावी लागली. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत अशी अट नाही, एका आईवडिलांची सगळी मुलं चालतात. तिसरीचं पुढे थोडं सावरलं, कारण ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस मुलींना आठ लाखांच्या आत व्यावसायिक अभ्यासक्रमाची पूर्ण फी माफ झाली, आणि ती ईडब्ल्यूएसमधून होती.

मंगळवेढ्याची_पोरगी
स्वाधारचं वर कुणीतरी लिहिलंय म्हणून विचारते. मी सोलापुरात खोली घेऊन बीएस्सी करते. वर्गातल्या मैत्रिणीचं घर इथेच आहे, माझ्यापेक्षा गरीब, तिला स्वाधार नाही. मला मिळतं. तिच्यासमोर मला बोलायलाही नको वाटतं.

बाळेकर
बेटा, तू संकोचू नकोस. स्वाधार हे वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी काढलं, २०१६-१७ मध्ये. म्हणून स्थानिक रहिवासी नको ही अट. विभागीय शहरांत आणि ‘क’ वर्ग महापालिकांत वर्षाला ५१,०००, त्यात जेवणाचे २८,०००, राहण्याचे १५,००० आणि निर्वाहाचे ८,०००. पुण्या-मुंबईला ६०,०००. तुझी खोली आणि डबा त्यातून चालतो, तुला ते लागतंच. मैत्रिणीनं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा घरून जाणाऱ्यांचा भत्ता घ्यावा, तो तिचा आहे. तिचा अर्ज भरलाय का ते मात्र तू विचार. आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, दोघीही.

आता राहिलेली तिसरी गाठ. दाखला मुदतीत आहे म्हणून नवीन निघत नाही, हे केंद्रवाल्याचं सोयीचं बोलणं आहे. जुना दाखला ज्या माणसाच्या उत्पन्नावर होता तो माणूस राहिला नाही. वहिनींनी स्वतःच्या नावानं नवीन अर्ज करायचा. सोबत मृत्यू दाखला, रेशनकार्ड, आधार, नगावर काम देणाऱ्या कारखान्याचं मजुरीचं पत्र मिळालं तर ते, नाही मिळालं तर स्वयंघोषणापत्र. तलाठ्याच्या चौकशी अहवालावर तहसीलचा दाखला निघतो. चौकशीला आले तर खरं तेच सांगायचं, मुलगा अप्रेंटिस आहे हेही सांगायचं. लपवायचं काहीच कारण नाही, वर चादरवाल्यांनी हिशोब दाखवलाच आहे. पेन्शन सुरू झाली की तीही सांगायची, ती आईचं उत्पन्न आहे.

महाडीबीटीच्या, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या राज्याच्या पोर्टलच्या, प्रोफाइलमध्ये वडील हयात आहेत का असा रकाना आहे. तो बदलल्याशिवाय बाकीचं पुढे सरकणार नाही, जुनी माहिती तशीच येत राहते. त्याशिवाय साध्या कागदावर अर्ज लिहायचा, प्राचार्यांमार्फत, सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या नावे. वडील अमुक तारखेला वारले, त्यामुळे उत्पन्न मर्यादेच्या आत आलं, त्या महिन्यापासून फ्रीशिपऐवजी शिष्यवृत्ती मंजूर करावी. दोन प्रती करा आणि एकीवर आवक शिक्का घ्या. शिक्क्याची प्रत हातात असली की पुढचं बोलणं सोपं होतं.

पानतंबाखू
काका, हे सगळं तुम्ही धाग्यात लिहून ठेवलंत, फार मोठं काम झालं. आमच्या भागातल्या अभ्यासिकेत प्रिंट काढून लावतो.

एक_आई
खूप दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय. वडील वारले तर मार्ग आहे, हे वाचून बरं वाटलं. पण जो बाप जिवंत आहे आणि घरात नाही, त्याचं काय? माझा नवरा आठ वर्षांपूर्वी आम्हाला सोडून हैदराबादला गेला. घटस्फोट नाही. पैसा नाही, फोन नाही. मुलगा अकरावीत. प्रत्येक फॉर्मवर वडिलांचं उत्पन्न विचारतात. मी काय लिहू? मला माहीतच नाही तो किती कमावतो.

कुंभारीकर
ताई, तुमच्यासारख्या चार बाया मला माहीत आहेत. नियम करणाऱ्यांना हे घर दिसलंच नाही.

स्नेहा_अशोकचौक
ताई, माझ्या मावशीचं हेच होतं. तिनं पोटगीचा दावा लावला होता, पैसे कधी आले नाहीत, पण कोर्टाच्या आदेशाची प्रत कामाला आली. ती प्रत, तिच्या एकटीच्या नावाचं रेशनकार्ड, आणि नवरा अमुक वर्षापासून सोबत राहत नाही असं प्रतिज्ञापत्र. तलाठ्यानं शेजारच्या दोघांना विचारलं, ते बोलले, आणि दाखला तिच्या उत्पन्नावर निघाला. तुमच्याकडे कोर्टाचा कागद नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. मुलगा अठराच्या आत असेल तर महिला व बालविकासची बालसंगोपन योजनाही विचारा, एक पालक असलेल्या मुलांना महिन्याला २,२५० मिळतात.

एक_आई
सतरा पूर्ण आहे. म्हणजे थोडेच महिने. तरी उद्या जाते. धन्यवाद ताई.

शेंगाचटणी
ताई, विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे. माझी सुट्टी आहे उद्या. सोबत हवी असेल तर निरोप टाका, मी येते.

वर्षा_जुळेसोलापूर
मंडळी, मुलगा सोमवारी रुजू झाला. करारावर फिटर लिहिलंय, त्यानं फोटो काढून मला पाठवला. वहिनींनी दाखल्याचा अर्ज टाकला, कॉलेजच्या अर्जावर शिक्का घेतला. तिथल्या लिपिकांना मृत्यूच्या महिन्यापासून पात्र असल्याचा मुद्दा माहीत नव्हता, पण सूचनांचा कागद दाखवल्यावर त्यांनी शांतपणे वाचला आणि अर्ज ठेवून घेतला.

आता भाऊजींच्या पीएफचं विचारायचंय. कंपनीवाले म्हणतात, फॉर्म आणा. कुठला फॉर्म, ते कुणी सांगत नाही.

चिंचोळीतला_एचआर
मृत्यूनंतरच्या दाव्यासाठी एकत्रित फॉर्म आहे. पूर्वी पीएफचा २०, पेन्शनचा १०-डी आणि विम्याचा ५-आयएफ असे तीन वेगळे भरायचे, आता एकातच तिन्ही येतात. विम्याचं विसरू नका. भाऊजींच्या नावानं पीएफ कापला जात होता म्हणजे ईडीएलआय विमा होताच, त्याची कमाल रक्कम सात लाख आहे. आणि पेन्शन फक्त वहिनींना नाही. २५ वर्षांच्या आतल्या दोन मुलांना विधवा पेन्शनच्या प्रत्येकी २५ टक्के मिळते. तुमची दोन्ही पोरं त्यात येतात. मुलगा अप्रेंटिस आहे म्हणून त्याचं नाव गाळायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, तिथे वय बघतात. फॉर्मसोबत मृत्यू दाखला, दोघांचे जन्मदाखले, वहिनींच्या बँक खात्याचा रद्द केलेला चेक आणि तिघांचे फोटो लागतील. कंपनीची सही-शिक्का घेऊन पीएफ कार्यालयात द्या. कंपनी सही करायला टाळाटाळ करत असेल तर इथे लिहा, पुढचा रस्ता सांगतो.